गार नावाचा दगड

मराठीत ‘गार’ हा शब्द तीन घरी नांदतो. आभाळातून पडते ती गार, जमिनीतून निघते तीही गार, आणि माठातलं पाणी ओठाला लागतं तेव्हा तेही गार. परतूर, मंठा, जालना या पट्ट्यात पहिल्या गारेची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. मार्च २०१४ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०१८ मध्ये मराठवाड्यावर गारपीट झाली. उभा गहू आडवा झाला, हरभरा झोडपला गेला, मोसंबीच्या बागांना मार बसला. दुसरी गार विहिरीवरच्या माणसाला ठाऊक असते. काळ्या कातळात मध्येच लागणारी, पांढरी, काचेसारखी चमकणारी, पहारीला दाद न देणारी ती गार. तिचा सुटा गोटा म्हणजे गारगोटी. तिसरा अर्थ लहान पोरालाही येतो, कारण उन्हाळ्यात बर्फाच्या कांड्या विकणारा ‘गारेगार’ अशीच आरोळी देत येतो.

खनिजांच्या नावांवरच्या या पुस्तिकेची सुरुवात याच शब्दापासून करायला एक कारण आहे. जगात एक खनिज असं आहे, ज्याच्या नावाचा अर्थ ‘गार’ असाच व्हायचा होता. ग्रीक भाषेतला तो शब्द नकलताना कुणाच्या तरी हातून एक अक्षर बदललं, आणि बदललेल्या अक्षरासकट तो शब्द शास्त्रात कायम झाला. ते खनिज म्हणजे चॅबाझाइट. महाराष्ट्राच्या काळ्या कातळात ते सापडतं, पण स्टिलबाइट किंवा ॲपोफिलाइट ज्या सढळपणे सापडतात तसं नाही. शोधणाऱ्याला ते क्वचित भेटतं, म्हणून भेटलं की त्याचं अप्रूप वाटतं.

ग्रीकमध्ये गारपिटीला ‘खालाझा’ म्हणतात. गारेसारखा दगड तो ‘खालाझिओस’. दगडांचे गुण सांगणारं ‘लिथिका’ नावाचं एक जुनं ग्रीक काव्य ऑर्फियस या पुराणातल्या गायकाच्या नावावर चालत आलं. अभ्यासक ते पुष्कळ नंतरचं, रोमन साम्राज्याच्या काळातलं मानतात. त्या काव्यात या दगडाचं नाव संबोधनात येतं: ‘खालाझिए!’ आपल्या व्याकरणात सांगायचं तर ही आठवी विभक्ती झाली, ‘हे गारे!’ हस्तलिखितांच्या प्रवासात ‘ल’ च्या जागी ‘ब’ वाचला गेला आणि ‘खालाझिए’चं ‘खाबाझिए’ झालं. १७९२ मध्ये बॉस्क दांतिक या फ्रेंच निसर्गअभ्यासकाला एका पांढऱ्या, ठोकळ्यासारखे स्फटिक असलेल्या खनिजाला नाव द्यायचं होतं. त्याने हा शब्द उचलला. तेव्हा चॅबाझाइट या नावात एक चुकलेलं अक्षर आहे, आणि त्या अक्षराच्या मागे एक हाक आहे. खनिजांच्या हजारो नावांत संबोधनातून आलेलं दुसरं नाव माझ्या वाचनात नाही.

काही खनिजपुस्तकांत या नावाचा अर्थ ‘सूर’ किंवा ‘धून’ असा दिलेला आढळतो. शब्दकोश मात्र गारेकडे बोट दाखवतात, आणि माझा कौल कोशांच्या बाजूने आहे. गारेसारखा पांढरा दगड आणि त्याला गारेचं नाव, हे सरळ जुळतं. सुराचा या दगडाशी संबंध जोडायचा तर ऑर्फियसच्या वीणेचा आधार घ्यावा लागतो, आणि दगडाच्या अंगात काही त्याला दुजोरा देत नाही.

बॉस्कबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ते फ्रेंच राज्यक्रांतीचे दिवस होते. १७९३ मध्ये त्याची मैत्रीण मादाम रोलां तुरुंगात होती, आणि नोव्हेंबरमध्ये तिला गिलोटिनवर चढवलं गेलं. तुरुंगात तिने लिहिलेल्या आठवणींची पानं बॉस्कने जिवावर उदार होऊन लपवून ठेवली आणि १७९५ मध्ये छापून प्रसिद्ध केली. तिचं लिखाण आज वाचायला मिळतं, त्यात या माणसाचा मोठा वाटा आहे. हाताशी आलेला मजकूर जसाच्या तसा जपणारा हा माणूस होता, आणि दगडाच्या नावातलं चुकलेलं अक्षरही त्याच्याच हातून जपलं गेलं.

गारेला हाक मारण्याची गोष्ट आपल्याला परकी नाही. वऱ्हाडात आणि नागपूरकडच्या मराठी मुलखात गारपगारी नावाची नाथपंथी मंडळी गावकीत असत. ढग भरून आले की मंत्र म्हणून गारा गावाच्या शिवाराबाहेर वळवायच्या, हे त्यांचं काम, आणि त्याबद्दल त्यांना सुगीत धान्य मिळे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींच्या ग्रंथात त्यांची सविस्तर नोंद आहे. नावातच गार आहे. मंत्राने गारा वळत नाहीत हे आज आपल्याला माहीत आहे. पण पीक तोंडाशी आलेलं असताना आभाळाकडे पाहून गारेशी बोलावंसं वाटणं हे काय असतं, ते परतूरच्या माणसाला मी वेगळं सांगायला नको.

रोमन ग्रंथकार प्लिनी यानेही या गारदगडाची नोंद केली आहे. तो म्हणतो की हा दगड रंगाने आणि आकाराने गारेसारखा, हिऱ्याइतका कठीण, आणि लोक सांगतात की विस्तवात घातला तरी आपला गारवा सोडत नाही. मराठी वाचकाला हे वाचताना नवल वाटावं, कारण आपल्या एका शब्दात हे सगळं आधीच एकत्र आहे: आभाळातली गार, दगडाची गार आणि स्पर्शाचा गारवा. प्लिनीने पाहिलेला दगड मात्र आजचा चॅबाझाइट नसावा. चॅबाझाइट हिऱ्याच्या जवळपासही येत नाही. पोलादी पात्याने त्यावर सहज ओरखडा उठतो. प्लिनीचं वर्णन गारगोटीला अधिक लागू पडतं, आणि त्या गारगोटीची तऱ्हा अशी की हाताला गार लागणारा हा दगड आगपेटी येण्याआधी घरोघर विस्तव पेटवायच्या कामी येत होता. चकमक गारेवर झाडली की ठिणगी उडायची.

आता परतूरच्या जमिनीकडे वळू. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, तोवर हा तालुका परभणीत होता, आणि त्याआधी निजामाच्या राज्यात. दुधना नदी याच भागातून वाहते. सरकारं आणि जिल्हे बदलले तरी पायाखालचा कातळ तोच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा बाहेर पडत राहिला, थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार तयार झालं. विहीर खणताना ते थर वरून खाली भेटत जातात: काळी माती, मुरूम, मग कातळ. कातळही एकसारखा नसतो. एक घट्ट काळा पाषाण, जो सुरुंगाशिवाय हलत नाही. दुसरा मऊ, ठिपक्याठिपक्यांचा, ज्याला विहिरी खणणारे अनेक ठिकाणी मांजऱ्या म्हणतात. तापलेला लाव्हा थिजताना त्यातली वाफ आणि वायू अडकून राहिले, त्यांच्या पोकळ्या झाल्या, आणि पुढे खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्याने त्या पोकळ्यांत खनिजं आणून भरली. मांजऱ्यातले पांढरे ठिपके म्हणजे या भरलेल्या पोकळ्या. बहुतेक ठिपके डाळीएवढे असतात. एखादी पोकळी मुठीएवढी निघते, आणि ती फुटली की आत स्फटिकांचं घर दिसतं. विहिरीच्या मलब्यात असे तुकडे पडलेले असतात आणि पुढे कुठल्या तरी बांधाच्या भरावात निघून जातात.

या पांढऱ्या खनिजांच्या मोठ्या कुळाला झिओलाइट म्हणतात. १७५६ मध्ये क्रोन्स्टेड या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने असा एक दगड फुंकनळीच्या ज्योतीत धरला. फुंकनळी म्हणजे सोनाराच्या हाती असते तीच नळी; तिच्यातून फुंकून ज्योत एका बिंदूवर आणता येते. ज्योत लागताच दगड फुगला, फेसाळला, जणू उकळू लागला. दगडाच्या आत पाणी होतं आणि ते वाफ होऊन बाहेर पडत होतं. ग्रीकमध्ये ‘झेओ’ म्हणजे उकळणं आणि ‘लिथोस’ म्हणजे दगड, तेव्हा झिओलाइट म्हणजे उकळणारा दगड. चॅबाझाइट हा याच कुळातला. गारेच्या नावाचा दगड उकळणाऱ्या दगडांच्या घराण्यात जन्मला आहे, आणि ही गंमत कुणी ठरवून केलेली नाही.

पाणी निघून गेलं तरी झिओलाइटचा सांगाडा उभा राहतो, हे त्याचं खरं वैशिष्ट्य. आत ठरावीक मापाचे बोळ असतात. चॅबाझाइटमधले बोळ मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या निम्म्याहूनही अरुंद आहेत. १९२५ मध्ये वायगेल आणि स्टाइनहॉफ या जर्मन संशोधकांनी दाखवलं की वाळवलेला चॅबाझाइट पाण्याची आणि अल्कोहोलची वाफ आत घेतो, पण बेंझीनसारखे मोठे रेणू दारातच अडतात. १९३२ मध्ये मॅकबेन यांनी अशा पदार्थांना रेणूंची चाळणी हे नाव दिलं. त्याच चॅबाझाइटच्या सांगाड्याचा झिओलाइट आज प्रयोगशाळेत बनवतात, त्यात तांबं भरतात, आणि डिझेल गाडीच्या धुरातले नायट्रोजनचे घातक ऑक्साइड निवळण्यासाठी तो वापरतात. भारतात एप्रिल २०२० पासून धुराचे कडक नियम लागू झाल्यावर अशा उत्प्रेरकांची गरज वाढली. झिओलाइटच्या सांगाड्यांना शास्त्रज्ञांनी तीन-तीन अक्षरांच्या खुणा दिल्या आहेत आणि या सांगाड्याची खूण ‘सीएचए’ आहे. चुकलेलं नाव आता त्या खुणेतही जाऊन बसलं आहे. १९९७ मध्ये झिओलाइटच्या नावांची आंतरराष्ट्रीय फेरमांडणी झाली, तेव्हा चॅबाझाइटचे कॅल्शियम, सोडियम आणि पोटॅशियम असे वेगळे प्रकार केले गेले. मूळ नावातलं अक्षर तेव्हाही कुणी दुरुस्त केलं नाही. आणि ते बरोबरच होतं. दोनशे वर्षं ज्या नावाने माणसं एकमेकांना दगड ओळखून देतात, ते व्युत्पत्तीसाठी बदलणं म्हणजे सगळ्यांचे पत्ते बदलणं.

नावं पडण्याच्या ज्या तऱ्हा आहेत, त्यांतली एक मला फार प्रिय आहे: दगडाकडे नीट पाहून त्याला नाव देणं. चॅबाझाइटचाच एक प्रकार आहे, ज्यात जुळे स्फटिक एकमेकांत शिरून चपट्या, गोलसर भिंगाचा आकार घेतात. त्याला फॅकोलाइट म्हणतात. ‘फाकोस’ म्हणजे मसूर. मसुराएवढा आणि मसुराच्या आकाराचा दगड, नाव मसूरदगड. हे नाव आपल्याकडच्या कुठल्याही बाईने पहिल्या नजरेत ठेवलं असतं.

स्टिलबाइटची गोष्ट त्याहून रंगतदार. महाराष्ट्रातल्या झिओलाइटमध्ये हा सर्वांत ओळखीचा. पांढरा, पिवळसर, कधी सुंदर गुलाबीसर. ग्रीक ‘स्टिल्बो’ म्हणजे चमकणं, त्यावरून स्टिलबाइट. पण याच खनिजाला जर्मन लोक बराच काळ डेस्मिन म्हणत. ‘डेस्मे’ म्हणजे जुडी, पेंढी. कारण स्टिलबाइटचे स्फटिक मध्यभागी आवळलेले आणि दोन्ही टोकांना पसरलेले असतात, आणि हा आकार म्हणजे कडब्याची पेंढी. बरं, गोंधळ एवढ्यावर थांबला नाही. स्टिलबाइट हे नाव जर्मन मंडळी भलत्याच, पण नात्यातल्या दुसऱ्या खनिजाला देत होती, ज्याला इंग्रजीत ह्यूलँडाइट म्हणतात. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातला जुना मजकूर वाचताना स्टिलबाइट कुणी लिहिलंय हे आधी पाहावं लागतं. चमक अनेक खनिजांना असते; पेंढी मात्र याच्याच अंगात आहे, म्हणून डेस्मिन हे नाव मागे पडलं याची मला खंत वाटते. ज्वारीच्या मुलखात तर हे नाव घरचंच झालं असतं.

ॲपोफिलाइट हे तिसरं. बोरघाटात १८५६ ते १८६३ या काळात रेल्वेचा मार्ग खोदला गेला तेव्हा त्याचे देखणे स्फटिक निघाले आणि युरोपातल्या संग्रहालयांत गेले. आज हिरवा ॲपोफिलाइट म्हटला की जगाच्या डोळ्यांपुढे महाराष्ट्र येतो. हे नाव आऊई या फ्रेंच स्फटिकशास्त्रज्ञाने १८०६ मध्ये दिलं. ‘आपो’ म्हणजे अलग आणि ‘फिलॉन’ म्हणजे पान. तापवला की पापुद्रे सुटतात, म्हणून. पण त्याआधी, १८०० मध्ये, जुझे बोनिफासियु द अँड्राडा यांनी याच खनिजाला दुसरं नाव दिलं होतं. हे तेच अँड्राडा, जे पुढे ब्राझीलच्या स्वातंत्र्याचे मुत्सद्दी म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांनी दिलेलं नाव होतं इक्थिऑफ्थॅल्माइट, म्हणजे माशाच्या डोळ्यासारखा दगड. स्फटिकाच्या एका बाजूवर मोत्यासारखी झाक येते, ती त्यांना माशाच्या डोळ्यासारखी वाटली. आता आपण तो शब्द मराठीत बघू. माशासारखे डोळे असलेली, ती मीनाक्षी. गावोगावच्या मुलींचं हे नाव आणि मदुरेच्या देवीचंही. इक्थिऑफ्थॅल्माइट उच्चारताना युरोपातल्या लोकांची जीभ अडखळली आणि ॲपोफिलाइट टिकलं. आपल्याकडे मीनाक्षी म्हणायला कुणाची जीभ अडखळली नसती.

स्कोलेसाइट म्हणजे किड्यासारखा, कारण ज्योतीत धरला की वळवळतो. नाशिकच्या खाणींतले त्याचे सुयांसारखे स्फटिक प्रसिद्ध आहेत. ॲनाल्साइम म्हणजे बळ नसलेला, घासल्यावर वीज अगदी क्षीण निर्माण होते म्हणून. ही सगळी नावं कुणीतरी दगड हातात घेऊन, तापवून, घासून, फोडून दिलेली आहेत.

दुसरी तऱ्हा माणसांच्या नावांची. प्रेनाइट हे माणसाच्या नावावरून पडलेलं पहिलं खनिजनाव मानतात. कर्नल हेन्ड्रिक फोन प्रेन यांच्या नावावरून जर्मन खनिजतज्ज्ञ वेर्नर यांनी ते १७८८ मध्ये दिलं. ह्यूलँडाइट हे इंग्लंडमधले खनिजसंग्राहक ह्यूलँड यांचं. १८२८ मध्ये लोरेन्झ ओकेन या जर्मन निसर्गअभ्यासकाच्या नावावरून ओकेनाइट हे नाव पडलं. ओकेनाइट पुण्यामुंबईकडच्या खाणींत काय सुंदर मिळतो! पोकळीत पांढरेशुभ्र गोळे बसलेले असतात, फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखे, इतके मऊ की बोट लागलं तर तंतू दबून तसेच चिकटून राहतात. दगड हातात असताना दगड वाटत नाही, हे या खनिजाचं सारं आश्चर्य, आणि नावात त्याचा मागमूस नाही. ओकेन मोठा माणूस होता. पण कापसाच्या मुलखातल्या मुलाला ओकेनाइट हे नाव सांगून त्याच्या हाती काही लागत नाही. म्हणून अशा खनिजांपुढे या पुस्तिकेत माणसाची ओळख थोडक्यात आणि खनिजाचं रूप विस्ताराने दिलं आहे.

तिसरी तऱ्हा गावांच्या नावांची, आणि इथे महाराष्ट्राच्या वाट्याला थोडी निराशा आली. १८३१ मध्ये ब्रुक या इंग्रज खनिजतज्ज्ञाने पुण्याहून आलेल्या एका सुयांच्या खनिजाला पूनालाइट असं नाव दिलं. नंतर कळलं की ते नवं नाही, नाव आधीच मिळालेल्या खनिजांच्याच घराण्यातलं आहे. नाव रद्द झालं. नागपूर जिल्ह्यातल्या बेलडोंगरीच्या मँगनीज खाणीवरून फर्मॉर यांनी १९०९ मध्ये बेलडोंग्राइट हे नाव दिलं होतं. आज ते स्वतंत्र खनिज मानलं जात नाही. ही दोन्ही नावं मी मुद्दाम या यादीत ठेवली आहेत. शास्त्राने ती पुसली, ते योग्यच झालं; पण पुणं आणि बेलडोंगरी एकदा तरी खनिजांच्या जगात नावाने हजर होती, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवं.

परतूरहून मंठा ओलांडून पुढे गेलं की बुलढाणा जिल्ह्यात लोणार लागतं. या भागातल्या नावांची गोष्ट लोणारशिवाय अपुरी राहील. लवणासुराची कथा सगळ्यांना माहीत आहे, आणि लोणार या नावातलं लवण तळ्याच्या खारट पाण्यात आहेच. तळ्याकाठचा खार माणसं शेकडो वर्षं काढत आली. काच आणि साबण बनवायला लागणारं साहित्य इथे मिळतं, अशी नोंद अकबराच्या काळच्या ‘आइन-ए-अकबरी’त आहे. खार काढणाऱ्यांनी त्याच्या प्रतींना आपली नावं दिली होती: दल्ला, निमक दल्ला, खप्पल, पापडी, भुसकी. ब्रिटिश काळातल्या अधिकाऱ्यांनी आणि भूगर्भतज्ज्ञांनी ती लिहून ठेवली म्हणून आपल्यापर्यंत आली. पापडी आणि भुसकी ही नावं काय आहेत? ती दिसण्यावरून आणि हाताला लागण्यावरून पडलेली, फॅकोलाइट आणि डेस्मिन यांच्याच जातीची. फरक एवढाच की ती ग्रीकमध्ये नव्हती, म्हणून कुठल्या खनिजकोशात गेली नाहीत. दल्ला आणि पापडी वेगळी करणाऱ्या माणसाला सोड्याचे प्रकार ओळखता येत होते, नमुना प्रयोगशाळेत न पाठवता, नुसत्या नजरेने आणि जिभेने.

लोणारच्या तळाच्या गाळात गेल्युसाइट नावाचं एक दुर्मीळ खनिज मिळालं आहे. पाणी आटून अतिखारट झालं तरच ते तयार होतं. तळ्याचा तळ खोलवर वेधून काढलेल्या गाळाच्या थरांत संशोधकांना त्याचे स्फटिक सापडले, आणि त्यांवरून सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी या प्रदेशाने लांबलेला दुष्काळ सोसला असा निष्कर्ष निघाला. नंतरच्या काळातही असा एक कोरडा पट्टा दिसतो. मराठवाड्याच्या दुष्काळाची इतकी जुनी नोंद एका खनिजाने ठेवली आहे. त्याचं नाव पडलं फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसाक यांच्यावरून. १८२६ मध्ये बुसँगो यांनी व्हेनेझुएलातल्या एका सोडातळ्यातून ते वर्णन केलं. पण त्या तळ्यावर खार काढणारे तिथले लोक या लांबट, टोकदार स्फटिकांना आधीपासून ‘क्लावोस’ म्हणत होते. स्पॅनिशमध्ये क्लावोस म्हणजे खिळे. लोणारचा पापडीवाला आणि व्हेनेझुएलाचा खिळेवाला कधी भेटले नाहीत. दोघांचं काम एक होतं आणि नाव ठेवायची रीतही एक.

लोणारचं आणखी एक नाव सांगतो. तळं ज्या विवरात आहे ते ज्वालामुखीचं की उल्केच्या आघाताचं, हा वाद बराच काळ चालला. १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी विवराच्या तळातून काढलेल्या खडकात मॅस्केलिनाइट असल्याचं दाखवलं आणि आघाताच्या बाजूला मोठा पुरावा मिळाला. प्रचंड दाबाखाली, न वितळता, स्फटिकाची काच होते, ती मॅस्केलिनाइट. हे नाव ऑस्ट्रियाचे चेर्माक यांनी १८७२ मध्ये ब्रिटिश म्युझियममधले खनिजविभागप्रमुख स्टोरी मॅस्केलिन यांच्यावरून दिलं, आणि तो पदार्थ त्यांना मिळाला होता बिहारमधल्या शेरघाटी इथे २५ ऑगस्ट १८६५ रोजी पडलेल्या उल्कापाषाणात. तो पाषाण मंगळावरून आला होता, हे पुढे उमगलं. मॅस्केलिनाइट काच असल्यामुळे त्याला आज काटेकोर अर्थाने खनिज म्हणत नाहीत. ‘आइट’ हा प्रत्यय तेवढा मागे राहिला. बिहार, मंगळ आणि लोणार एका शब्दात बांधणारं हे नाव मी यादीतून वगळू शकलो नाही.

आता ही पुस्तिका कशी वाचायची ते. प्रत्येक खनिजाचं आंतरराष्ट्रीय नाव देवनागरीत दिलं आहे, मूळ शब्द आणि त्याचा अर्थ त्याखाली. मग खनिजाचं वर्णन. त्यात मराठी विश्वकोशाने रुळवलेले शब्द घेतले आहेत: चमक, पाटन, कठिनता आणि कस. कस हा शब्द विशेष आवडीने घेतला. खनिज खरखरीत चिनीमातीवर घासलं की उमटणारी रेघ, तिचा रंग म्हणजे कस. सोनाराच्या कसोटीवरून आलेला हा शब्द शास्त्राच्या कामाला इतका चपखल बसला आहे की त्याचं श्रेय विश्वकोशाच्या संपादकांना दिलंच पाहिजे.

आंतरराष्ट्रीय नावांना नवे संस्कृत प्रतिशब्द मात्र घडवलेले नाहीत. मीनाक्षी हा शब्द अर्थ म्हणून दिला आहे, नाव म्हणून नाही. लोक वापरायला लागले तर तो नाव होईल. समितीने ठरवून होणार नाही, आणि प्रस्तावना लिहिणाऱ्याने ठरवून तर नाहीच. परिभाषेच्या हौसेने पूर्वी अनेक शब्द असे घडवले गेले, जे कोशात जन्मले आणि कोशातच राहिले. त्यापेक्षा मसूर, पेंढी, खिळा, पापडी यांची ओळख पटलेला मुलगा स्टिलबाइट हा शब्द जास्त चांगला लक्षात ठेवील असं मला वाटतं.

यादीत एक उघडी उणीव आहे आणि ती वाचकांनीच भरून काढायची आहे. विहिरी खणणारे, खडी फोडणारे, बोअरच्या गाडीवर काम करणारे, वडार समाजातली जुनी माणसं यांच्या बोलण्यात या दगडांना नावं आहेत. गार आणि मांजऱ्या ही सर्वदूर ऐकू येतात, पण दुधनेच्या काठावर एक शब्द आणि मंठ्याच्या माळावर दुसरा, असं होतंच असणार. बोअरच्या यंत्राने काम तासांवर आणलं आहे, त्यामुळे दगडाकडे थांबून पाहणारी माणसं कमी होत चालली आहेत, आणि ती गेली की त्यांचे शब्द लोणारच्या खप्पलसारखे सरकारी कागदांतच उरतील. प्रत्येक खनिजाच्या पानाखाली म्हणून कोरी जागा सोडली आहे. तिथे ऐकलेला शब्द जसा कानावर पडला तसाच लिहावा, प्रमाण भाषेत बसवू नये. सोबत गावाचं नाव, विहिरीत तो दगड किती परसांवर लागला, त्याचा रंग कसा होता आणि तो पहारीने फुटला की सुरुंगाने, एवढं लिहिलं तरी पुरे. तुकडा मिळाला तर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावरच तारीख टाकावी.